पंचवटी नावाचा गहू

पंचवटी कारंजाजवळच्या एका धान्याच्या दुकानात मी पंचवटी गहू मागितला. दुकानदाराला वाटलं, मी माल पोचवायचा पत्ता सांगतेय. त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं आणि विचारलं, गहू कोणता? लोकवन, सिहोर, शरबती अशी पोती ओळीने उघडी होती. कोपऱ्यात खपलीचं लहान पोतं होतं; मधुमेहाची माणसं ती शोधत यायला लागल्यापासून तिचा भाव चढला आहे. मी पुन्हा सांगितलं की पंचवटी हेच गव्हाचं नाव आहे. त्यांनी मान हलवली. चाळीस वर्षं धान्य विकणाऱ्या माणसाने हे नाव ऐकलेलं नव्हतं. दुकान पंचवटीत होतं, आणि मी जन्मापासून इथेच राहते. मलाही ते उशिराच कळलं होतं.

लोकवन म्हणजे ‘लोक-१’. गुजरातेत भावनगर जिल्ह्यात सणोसऱ्याला लोकभारती नावाची शिक्षणसंस्था आहे, तिथे तो वाण तयार झाला. ‘लोक वन’ असा इंग्रजी आकडा बाजारात आला आणि आपण त्याचं लोकवन करून टाकलं. रोज पोळी खाणाऱ्या घरात हे कुणाला ठाऊक नसतं. बियाण्याची नावं अशीच हरवतात, आणि नावामागची माणसं, माती, वर्षानुवर्षांची खटपटही त्यांच्याबरोबर जाते.

पंचवटी गव्हाचा कागदोपत्री क्रमांक एनआयडीडब्ल्यू-१५. एनआय म्हणजे निफाड, डी म्हणजे ड्युरम, डब्ल्यू म्हणजे गहू. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं निफाडजवळ कुंदेवाडीला संशोधन केंद्र आहे, तिथला हा वाण. त्याच केंद्राने दिलेल्या गव्हांची नावं एका दमात म्हणून पाहा: त्र्यंबक, गोदावरी, पंचवटी, तपोवन. ब्रह्मगिरीवरून निघालेली नदी जशी खाली येते, तशीच ती ओळ येते. यातले त्र्यंबक, गोदावरी आणि तपोवन हे ओलिताचे, पाण्याच्या पाळ्या मिळणाऱ्या रानाचे. पंचवटी जिरायत. पेरणीनंतर पाटाचं, विहिरीचं, बोअरचं एक थेंबही पाणी मिळणार नाही असं गृहीत धरून निवडलेला. रामकुंडावर पाय सोडून बसणाऱ्या आमच्या वस्तीचं नाव नदी न पाहिलेल्या शेतांसाठीच्या गव्हाला मिळालं, आणि मला ते योग्य वाटतं. तीर्थाचं पुण्य लांबच्या माणसालाही मिळावं, असंच आपण म्हणत आलो आहोत.

नाशिककरांना कुंदेवाडीचं केंद्र माहीत असतं ते थंडीमुळे. डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात चौकट येते: निफाडला पारा घसरला, द्राक्षबागायतदार धास्तावले, बागेत शेकोट्या पेटल्या. ते तापमान या गहू केंद्रावर मोजलेलं असतं. त्याच बातमीत एखादं वाक्य असतं, ‘मात्र ही थंडी गव्हाला पोषक आहे.’ त्या वाक्यावर कुणी थांबत नाही. द्राक्षाचे मणी तडकण्याची काळजी करणाऱ्या तालुक्यात गव्हाचं हित बातमीच्या शेपटाला येतं.

औरंगाबाद नाक्यावरून निघालं की तपोवन मागे पडतं, मग चांदोरी आणि निफाड. एकाच जिल्ह्यात पाऊस किती वेगवेगळा पडतो, ते हा रस्ता नीट दाखवतो. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. घाट ओलांडून ढग पूर्वेला येतात तेव्हा रिकामे झालेले असतात; येवला, नांदगाव, सिन्नरचा पूर्व भाग इथे पाचशेच्या आसपास मिळाला तर लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांनी, विहिरींनी आणि ठिबकच्या नळ्यांनी निफाडचं रूप पालटलं. पण या हिरव्या पट्ट्याच्या कडेला पाऊल टाकलं की जुना मुलूख सुरू होतो.

माझं आजोळ त्या जुन्या मुलखात, येवला तालुक्यात. मामांकडे काळी जमीन होती. पावसाळ्यात ते रान मोकळं ठेवायचे, नुसत्या वखराच्या पाळ्या घालत राहायचे. शहरातून गेलेल्या मला प्रश्न पडायचा की इतकी जमीन चार महिने रिकामी का? ती रिकामी नसते, भरत असते. काळ्या मातीतली चिकण फुगून पाणी धरून ठेवते. मीटरभर खोल चांगल्या काळ्या रानात पिकाला वापरता येईल असं दीडशे मिलिमीटरच्या घरात पाणी साठतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. तेव्हा दीडशे मिलिमीटर म्हणजे हेक्टरी पंधरा लाख लिटर. तेवढी टाकी जमिनीखाली, कुणीही सिमेंट न ओतता बांधलेली. वखराने वरचा थर भुसभुशीत ठेवला की खालचं पाणी उडत नाही, तण पीत नाही. हस्ताचा पाऊस झाला की टाकीचं तोंड बंद. पुढचं पीक तेवढ्यावर काढायचं.

जिरायत वाण तयार करणाऱ्याचा प्रश्न इथून सुरू होतो. ‘दुष्काळ सोसणारं पीक’ म्हटलं की डोळ्यांपुढे तडा गेलेल्या जमिनीत हिरवंगार उभं असलेलं रोप येतं. तसं रोप कुठेच नाही. पाण्यावाचून धान्य पिकत नाही. प्रश्न एवढाच असतो की टाकीत मोजकं पाणी आहे, ते कुठवर पुरवायचं आणि कशावर खर्च करायचं. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या बाईला हे शास्त्र शिकवावं लागत नाही. पहिल्या दहा दिवसांत भरपूर खर्च केला की शेवटचे दहा दिवस उसनवारीत जातात. शेतात उसनवारी नसते.

ओलिताच्या गव्हाला पेरणीनंतर अठरा ते एकवीस दिवसांनी पहिलं पाणी देतात. त्या वेळी जमिनीलगत मुकुटमुळं फुटतात, आणि फुटव्यांचा सगळा भार त्यांच्यावर असतो. जिरायत रानात तोवर वरचा थर वाळलेला असतो. मुकुटमुळं धड फुटतच नाहीत. मग रोप जगतं ते दाण्यातून थेट निघालेल्या तीन-चार बारीक बीजमुळांवर. ती सरळ खाली गेली, ओल जसजशी खाली सरकेल तसतशी तिचा पाठलाग करत राहिली, तर ओंबी भरते. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली एका प्रयोगाचे आकडे प्रसिद्ध केले. फुलोऱ्यानंतर दीड मीटरच्या आसपासच्या खोल थरातून गव्हाने साधारण दहा मिलिमीटर पाणी जास्त ओढलं, तर हेक्टरी सहा क्विंटलच्या आसपास दाणा वाढला. दहा मिलिमीटर म्हणजे आपल्याकडे ज्याला भुरभुर म्हणून सोडून देतात तेवढा पाऊस. तेवढंच पाणी दाणा भरताना, योग्य खोलीवर, योग्य मुळाला मिळालं की त्याचं मोल असं वाढतं.

वेळेचा पेच त्याहून अवघड. ओलिताचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तरी चालतो. जिरायताला ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा गाठावा लागतो, चित्रा संपून स्वाती लागते तो काळ. त्याआधी पेरलं तर जमीन तापलेली, रोप चटका खातं. उशीर केला तर ओल खाली निघून जाते आणि शेवटी फेब्रुवारीचं ऊन दाणा भरायच्या आत ओंबी सुकवतं. एका बाजूला ऑक्टोबरची उष्णता, दुसऱ्या बाजूला फेब्रुवारीची, मध्ये साडेतीन महिने आणि एक टाकी पाणी. पंचवटीला या फटीत बसवलं आहे. हेक्टरी पाऊणशे ते शंभर किलो बियाणं, पाणी शून्य आणि उतारा बारा ते पंधरा क्विंटल.

हा आकडा ऐकून निफाडचा बागायतदार हसेल. ओलिताच्या गव्हाला चाळीस-पंचेचाळीस क्विंटल पडतात. पण माझी या तुलनेवरच हरकत आहे. चाळीस क्विंटलवाल्याने पाच-सहा पाळ्या पाणी दिलेलं असतं, नत्राच्या पिशव्या ओतलेल्या असतात. पंधरा क्विंटलवाल्याने आभाळाने सप्टेंबरात ठेवलेलं पाणी वापरलेलं असतं. दोघांना एकाच तराजूत घालायचं असेल तर तराजू एकराचा नको, पाण्याचा हवा. देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक गहू ओलिताखाली आहे, म्हणून गव्हाचं यश मोजण्याची सगळी फूटपट्टीही ओलिताची झाली. महाराष्ट्रातली चार पंचमांश शेती पावसावर आहे. आपल्याला स्वतःची फूटपट्टी लागेल.

जुन्या माणसांजवळ ती होती. दख्खनच्या पठारावर पूर्वी जे गहू होते त्यांची नावं माझ्या आजीला पाठ होती: बन्सी, बक्षी, खपली, काळं कुसळ, शेत पारनेर, पिवळा. बन्सी-बक्षी हे ड्युरम, खपली त्यांची चुलत बहीण. दोघांत अठ्ठावीस गुणसूत्रं, तर पोळीच्या नेहमीच्या गव्हात बेचाळीस. ड्युरमचा दाणा टणक, पिवळसर, काचेसारखा चमकणारा. दळला की पीठ कमी आणि रवा जास्त. आजी शेवयांना बन्सीच लागतो म्हणायची, कारण दुसऱ्या गव्हाची शेवई वळताना तुटते. कुरडईसाठी तीन दिवस गहू भिजवून चीक काढायचा, तोही बन्सीचाच. स्वयंपाकघरातली ही पसंती आणि जिरायत रानातली पसंती एकाच गव्हावर येऊन मिळत होती. पंचवटी हा त्याच घराण्यातला. टपोरा, चकचकीत दाणा, शेवया-कुरडया-रव्यासाठी चांगला असं विद्यापीठाच्या शिफारशीतच लिहिलेलं असतं. पास्ता करणाऱ्या कारखान्यांना हाच गहू लागतो.

जुन्या गव्हांच्या लांब काळ्या कुसळांकडे मी लहानपणी फक्त टोचतात म्हणून पाहायचे. कुसळं हिरवी असताना अन्न तयार करतात, आणि पानापेक्षा कमी पाणी उडवतात. पानं करपली तरी दाण्याच्या अगदी शेजारी हा लहान कारखाना चालू राहतो. उंच ताटाचंही तसंच. चांगल्या दिवसांत ताटात साखर साठते आणि मुळांना पाणी मिळेनासं झालं की तीच साखर दाण्यात उतरते. ज्याला आपण नुसतं काड म्हणतो ती गव्हाची शिल्लक.

हरितक्रांतीने ताट आखूड केलं. जपानच्या नोरिन-१० या गव्हातली बुटकेपणाची जनुकं नॉर्मन बोरलॉग यांच्या हातून मेक्सिकोच्या गव्हांत आली. १९६६ साली भारताने तिथून अठरा हजार टन बियाणं आणलं. खत-पाणी घातलं तरी न लोळणारा बुटका गहू देशाचं पोट भरून गेला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या जनुकांनी आणखी एक गोष्ट आखूड केली, ती जमिनीखालची असल्यामुळे कुणाला दिसली नाही. कोंब मातीतून वर येताना त्याच्याभोवती एक पातळ म्यान असतं, कोलिऑप्टाइल. दाणा जितका खोल पेरायचा तितकं ते म्यान लांब हवं. जिरायताचा शेतकरी पाभरीचे फण खोल दाबून ओलीवर दाणा टाकतो. बुटक्या गव्हाचं म्यान त्या खोलीला पुरत नाही. कोंब वाटेतच म्यान फोडून बाहेर येतो, मातीत वाकडा होतो आणि मरतो. शेतकरी म्हणतो, बियाणं उगवलं नाही. बियाण्याची उगवण चांगली असते, फक्त ते या पेरणीसाठी घडवलेलंच नसतं.

या दुखण्यावर काम पुण्यात चालू आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी १९४६ साली स्थापन झाली, आता ती आघारकर संशोधन संस्था. तिथल्या शास्त्रज्ञांनी ड्युरम गव्हात आरएचटी-१४ आणि आरएचटी-१८ ही बुटकेपणाची पर्यायी जनुकं ६ए गुणसूत्रावर नेमकी कुठे आहेत ते शोधलं. ही जनुकं ताट आखूड करतात, म्यान आखूड करत नाहीत. म्हणजे लोळण्याची भीती नाही आणि खोल पेरणीही करता येते. याच संस्थेने २०१८ साली एमएसीएस-४०२८ हा ड्युरम दिला. तोही महाराष्ट्र-कर्नाटकाच्या जिरायत रानासाठी, एकशे दोन दिवसांत तयार होणारा, सरासरी १९.३ क्विंटल उताऱ्याचा. त्यात प्रथिनं १४.७ टक्के, शिवाय लोह आणि जस्त भरपूर. कोरड्या रानात राहणारी कितीतरी मुलं ॲनिमियाची असतात. त्यांच्या ताटात पडणाऱ्या गव्हात लोह असावं हा विचार मला नुसत्या उताऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

निफाडच्या इतिहासात पाण्याच्या बरोबरीने दुसरा शत्रू आहे, तांबेरा. स्वातंत्र्याच्या आधीपासून गव्हावर काम करणाऱ्या या भागातून निफाड-४ हा वाण आला होता. त्याचा तांबेऱ्याला टिकणाऱ्या केनियातल्या गव्हाशी संकर झाला आणि त्या वाणांना नाव मिळालं ‘केनफड’. केनियाचा ‘केन’, निफाडचा ‘फड’. आफ्रिकेतलं एक पठार आणि गोदाखोऱ्यातलं एक गाव एका शब्दात बसवणाऱ्या त्या अनामिक माणसाचं मला फार कौतुक वाटतं. आग्रा कॉलेजातल्या करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं खपून दाखवून दिलं होतं की तांबेरा आपल्या मैदानी उन्हाळ्यात जगत नाही. तो डोंगरांवर, दक्षिणेत निलगिरी-पळणीच्या थंड उंचीवर तगतो आणि वाऱ्यावर स्वार होऊन दरवर्षी पुन्हा खाली उतरतो. म्हणजे येवल्याच्या रानातल्या गव्हाचं भविष्य उटीच्या वाऱ्यावरही ठरतं. तहान सोसून उभं राहिलेलं पीक तांबेऱ्याने एका पंधरवड्यात जाऊ शकतं. म्हणून जिरायत वाण निवडताना पाणी एवढाच निकष ठेवता येत नाही.

बाजरीने हा धडा फार महाग शिकवला. १९६५ साली एचबी-१ हा पहिला संकरित बाजरीचा वाण आला, मग एकामागून एक आले. त्या सगळ्यांची आई एकच होती: अमेरिकेतल्या टिफ्टनहून आणलेली टिफ्ट-२३ए. कणसं भरली, उतारा वाढला, नाशिक-नगर-धुळ्यातल्या हलक्या रानात लोकांनी घरची बाजरी सोडून संकरित धरली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी आला. कणसाच्या जागी दाण्यांऐवजी हिरव्या पानांच्या जटा फुटतात, म्हणून शेतकऱ्यांनी या रोगाला दिलेलं हे नाव. आई एक असल्यामुळे दुबळेपणाही एकच होता, आणि राने जटाधारी होऊन गेली. दुष्काळात टिकणारं म्हणून घेतलेलं बियाणं बुरशीपुढे हरलं.

ज्वारीबद्दल सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण कोरड्या रानासाठी निवड कशी करावी हे महाराष्ट्राने मला वाटतं ज्वारीवरच सर्वांत चांगलं शिकलं. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या शेतावर १९३० च्या दशकात शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडीतून एकेक कणीस पारखत एक निवड झाली, मालदांडी ३५-१. ती अजून पेरली जाते. संकरित सीएसएच-१ ने १९६४ साली खरिपात धमाल उडवली, पण रब्बीत संकरित वाणांना मालदांडीला हलवता आलं नाही. तिचा मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी आणि गुरांनी मन लावून खाल्लेला कडबा, हे तिन्ही एकत्र दुसऱ्या कुणी दिलं नाही. कडब्याचं महत्त्व शहरी माणसाला पटत नाही. दुष्काळात धान्य रेशनवर मिळतं. बैलाला रेशन नसतं.

पुढे राहुरी विद्यापीठाने केलेली गोष्ट मला विशेष आवडते. त्यांनी सर्वांसाठी एकच उत्तम वाण शोधण्याचा हट्ट सोडला आणि जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले. तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, फुले माउली. साठपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, फुले चित्रा. त्याहून भारी जमिनीला फुले वसुधा, फुले यशोदा, फुले रेवती. हलक्या रानातली टाकी लहान, म्हणून तिथे लवकर आटोपणारी ज्वारी. भारी रानातली टाकी मोठी, तिथे सावकाश पिकणारी. ज्याच्या घरात जेवढे पैसे, तेवढ्याचा संसार मांडून देणं. टाकी लवकर रिकामी झाली की ज्वारीला खडखड्या लागतो, ताट आतून पोकळ होतं आणि वाऱ्याने कोसळतं. इथिओपियाच्या ज्वारीतून आलेल्या एका वाणावर जगभर काम झालं आहे. तो दाणा भरेपर्यंत पानं हिरवी ठेवतो. त्याचं गुपित असं निघालं की तो आधीपासूनच कमी फुटवे, लहान पानं ठेवून फुलोऱ्यापूर्वी पाणी वाचवतो. हिरवेपणा हा नंतरचा परिणाम, काटकसर आधीची.

मग हे निवडायचं कसं? गव्हाचं फूल डोळ्यांत भरत नाही. ओंबीतल्या प्रत्येक फुलात तीन परागकोश असतात. ते पिकण्याआधी चिमट्याने एकेक काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या वाणाचा पराग आणून झटकायचा. पाठीचा काटा ढिला होतो. त्यातून मूठभर दाणे. दुसऱ्या पिढीत हजारो रोपं, प्रत्येक वेगळं. त्यातून निवडत निवडत सहा-सात पिढ्या. वर्ष वाचवायला पावसाळ्यात निलगिरीतल्या वेलिंग्टनला एक पिढी काढून घेतात. मग स्वतःच्या केंद्रावर चाचणी, राज्यात चाचणी, अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात तीन वर्षं. दहा-बारा वर्षं सहज जातात. जिरायताचं काम करणाऱ्याला आणखी एक शाप असतो: चाचणीच्या वर्षी अवेळी पाऊस झाला की सगळी परीक्षा वाया. दुष्काळासाठी निवड करायला दुष्काळ पडावा लागतो, आणि तो पडला की त्या माणसाच्या स्वतःच्या गावाचंही नुकसान होतं.

ऑस्ट्रेलियाने यातून एक वाट काढली. हवेतल्या कार्बनमध्ये सुमारे एक टक्का जड कार्बन असतो. पानाची छिद्रं उघडी असली की झाड हलका निवडून घेतं. छिद्रं आवळून पाणी वाचवणाऱ्या झाडाला आत मिळेल तो कार्बन, जडसुद्धा, वापरावा लागतो. म्हणजे पानातल्या जड कार्बनचं प्रमाण मोजलं की ते झाड किती काटकसरी ते दुष्काळाची वाट न पाहता कळतं. या पारखीतून २००२ साली ड्रायस्डेल नावाचा गहू आला. जिथे पीक साठलेल्या ओलीवर जगतं तिथेच या काटकसरीचा फायदा सर्वाधिक, म्हणजे आपल्या काळ्या रानासारख्या जमिनीत. अर्जेंटिनाने २०२० साली सूर्यफुलाचं जनुक घातलेल्या एचबी-४ गव्हाला मान्यता दिली. त्या बातम्यांचा गाजावाजा मोठा झाला. मला मात्र एका जनुकावर फार विश्वास ठेवावासा वाटत नाही. मुळाची खोली, म्यानाची लांबी, फुलोऱ्याचा दिवस, ताटातली साखर, तांबेऱ्याशी झुंज, शेवई न तुटण्याचा गुण, या सगळ्यांची मोट एका जनुकाने बांधली जाईल असं मातीत राबलेला कुणी म्हणणार नाही.

सगळ्यात कच्ची कडी वेगळीच आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात सुकडी आणि मिलोच्या आहेत. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता फाटायची. आजी त्याहून एक वाईट गोष्ट हळू आवाजात सांगायची. त्या वर्षी कणगीतलं बियाण्याचं धान्यही दळलं गेलं. त्यात तिच्या सासूच्या हातचा बन्सी होता. पुढच्या साली पाऊस आला तेव्हा घरात पेरायला तो गहू नव्हता, आणि गावात कुणाकडेच नव्हता. वाण असा एका चुलीत संपतो. विद्यापीठाने नवा दिला तरी त्याचं शुद्ध बियाणं दरवर्षी पुरेसं तयार व्हावं, ऑक्टोबरच्या पंधरा तारखेच्या आत तालुक्याच्या दुकानात पोचावं, नोव्हेंबरात नव्हे. जिरायत बियाण्याची मागणी पावसावर वर-खाली होते, कुणी व्यापारी ते साठवून ठेवत नाही. हे काम सरकारने आणि विद्यापीठांनी तोट्यातही करत राहिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. धरणांवर आपण जेवढं बोलतो त्याच्या दहाव्या हिश्शाने तरी या पोत्यांवर बोलावं.

येवल्याची मामांची जमीन आता मामेभाऊ बघतो. विहिरीला पाणी असतं तोवर कांदा करतो, आणि बहुतेक सालं पाणी डिसेंबरातच आटतं. गेल्या वर्षी त्याला मी पंचवटीबद्दल सांगितलं. त्याने बरीच फोनाफोनी करून थोडं बियाणं मिळवलं, घराच्या मागच्या दोन एकर काळ्या रानापुरतं. त्याच आठवड्यात मी तिकडे गेले. हस्त बरा झाला होता, चित्रा निघून चालली होती. सकाळी तो रानात गेला, मीही मागे गेले. वखरलेल्या वरच्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते. त्याने खाली बसून हाताने चार बोटं माती बाजूला केली, आणखी दोन बोटं केली, तिथली मूठभर माती उचलून घट्ट दाबली आणि मूठ उघडली. गोळा तसाच राहिला. त्याने तो माझ्या हातात दिला. थंड होता. बांधावर ठेवला तरी फुटला नाही.

तो पाभर काढायला घराकडे गेला.